न उघडणाऱ्या फ्रिजमधलं दही

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आले... करमणूक म्हणून. पांढऱ्या साडीतल्या बाईनं घाटात गाडी थांबवली की खाली कमेंटमध्ये ‘रिक्षा मिळाली नसेल बिचारीला’ असं लिहिणारी आगाऊ मुलगी (बाई म्हणा, चाळिशी आली जवळ) ती मीच. त्यामुळे आज कुणी माझ्यावर हसलं तर मला बोलायला तोंड नाही. फक्त एवढं सांगते की हा अनुभव घाबरवणारा नाही. शेवट गोड आहे. म्हणजे खरं तर किंचित आंबट आहे, पण ते पुढे कळेल.

मी शिल्पा. बेंगळुरूला राहते, इलेक्ट्रॉनिक सिटी फेज वनमध्ये. फ्लायओव्हर उतरलं की आतल्या बाजूला ज्या एकसारख्या दिसणाऱ्या बिल्डिंगा आहेत त्यातल्या एकीत, चौथ्या मजल्यावर. घरात मी आणि बाबा. बाबा तरुणपणी सांगलीहून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. माझं लहानपण त्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. लाल ऑक्साइडची फरशी, स्वयंपाकघराला हिरवी खिडकी, बाहेर शेवग्याचं झाड. ती क्वार्टर्स आता पाडली, तिथे मोठी इमारत उभी राहतेय.

बाबा पक्के विज्ञानवादी. आमच्या घरातली पहिली स्कूटर त्यांनी मुद्दाम अमावस्येला आणली होती, कारण त्या दिवशी शोरूममध्ये चिटपाखरू नसतं आणि माणूस नीट समजावून सांगतो. आईसुद्धा फार देवदेव करणारी नव्हती. तिचा हट्ट एकच – दही. घरातून कुणीही महत्त्वाच्या कामाला बाहेर पडलं की त्याच्या हातावर चमचाभर दही. परीक्षा, इंटरव्ह्यू, प्रवास, बाबांच्या बदलीची मीटिंग, काहीही असो. एकदा गॅस दुरुस्त करून निघालेल्या माणसाच्याही हातावर तिनं दही घातलं होतं, कारण तो म्हणाला, उद्या माझी एंगेजमेंट आहे. बाबा चिडवायचे, “विमान दह्यावर नाही, इंधनावर उडतं.” पण हात पुढे करायचे. आणि आई दरवेळी तेच म्हणायची, “जाऊन या. सावकाश.”

मागच्या वर्षी आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी लवकर निघायचं होतं. मी लिफ्टचं दार अडवून उभी, कॅब खाली आलेली, बाबांच्या हातात फाइल. आणि आई दारातच थांबली. म्हणाली, “अहो, आज माझ्या हातावर कोण घालणार?”

बाबा म्हणाले, “उपाशीपोटी यायला सांगितलंय. काही खायचं-प्यायचं नाही. आल्यावर वाटीभर खा.”

“खात नाही हो. नुसतं हातावर ठेवा. मी धुऊन टाकते.”

“अगं चल, कॅब उभी आहे.”

आई हसली आणि लिफ्टमध्ये शिरली. एवढंच झालं. डॉक्टरांनी आपल्या परीनं सगळं केलं, पण ती शुद्धीवर आलीच नाही.

आता मला सांगा, यात बाबांचं काय चुकलं? काहीही नाही. ऑपरेशनआधी पोटात काही नको, हे बरोबरच होतं. दह्याचा आणि हृदयाच्या झडपेचा काही संबंध नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मी बाबांना हे परोपरीनं सांगितलं. ते मान हलवायचे. आणि मग थोड्या वेळानं आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणायचे, “नुसतं ठेवा म्हणाली होती गं.”

त्यानंतर त्यांनी घरात दही लावू दिलं नाही. बेंगळुरूत राहून दहीभात न खाणारा म्हातारा म्हणजे ते एकटेच असतील. विरजणाचं स्टीलचं भांडं त्यांनी माळ्यावर टाकलं. दाराशी जायचे नाहीत, कारण दारात ती थांबलेली दिसायची. फिरणं बंद, पेपर बंद, मित्रांचे फोन बंद. झोपेतून उठले की पहिला मिनिटभर चेहरा बरा असायचा, मग आठवायचं... आणि तो चेहरा मला बघवत नसे.

आता माझ्या कामाबद्दल. मी एका छोट्या स्टुडिओत थ्रीडी आर्टिस्ट आहे. अजून न बांधलेले फ्लॅट आम्ही कॉम्प्युटरवर बांधतो. गिऱ्हाईक डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवतं आणि न झालेल्या बाल्कनीत उभं राहून न दिसणाऱ्या तलावाकडे बघून खूश होतं. या कामाचा एक नियम असतो. जे दिसणार नाही ते बनवायचं नाही. कपाट भिंतीला लागून असेल तर त्याला पाठ नसते. फ्रिज म्हणजे एक ठोकळा, त्यावर दाराचं चित्र. उघडत नाही, आत काही नाही. सगळंच्या सगळं बनवत बसलं तर जन्म पुरणार नाही.

बाबांसाठी मी ते क्वार्टर बांधलं. जुने फोटो पुढ्यात घेऊन, सुट्टीच्या दिवशी बसून. लाल फरशी, हिरवी खिडकी, शेवगा. स्वयंपाकघरातल्या टेबलामागे आई बसलेली, मेथी निवडणारी. तिचा चेहरा फोटोंवरून जमवला, आवाज मोबाइलमधल्या जुन्या व्हिडिओंतून घेतला. चार वाक्यं मिळाली. “चहा टाकू?” “पंखा लावा हो.” “आलेच.” आणि “बसा ना जरा.” ती आलटून पालटून बोलायची, मान वर करून बघायची, परत मेथी निवडायची. टेबलामागे बसलेली म्हणून कमरेखालची आई मी बनवलीच नव्हती. साडीचा घोळ नाही, पाय नाहीत.

पहिल्यांदा हेडसेट घातल्यावर बाबा खूप रडले. मग हसले. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि मला वाटलं, जिंकलं! मी स्वतःवर भलतीच खूश झाले. पण म्हणतात ना, करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आधी संध्याकाळी थोडा वेळ बसायचे. मग सकाळपासून. सोफ्यावर डोळ्यांवर तो काळा डबा लावून बसलेले बाबा, ओठांवर हसू. जेवायला हाक मारली की “आलो” म्हणायचे आणि यायचे नाहीत. बीपीची गोळी राहून जायची. एकदा उठताना चक्कर येऊन टीपॉयवर आपटले, कपाळाला खोक पडली, तरी हात आधी हेडसेटकडे गेला. मी चार्जर ऑफिसला घेऊन गेले तर दिवसभर अन्नाला शिवले नाहीत. वजन इतकं उतरलं की पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळायला लागली.

मी भांडले. ओरडले. “बाबा, ती आई नाहीये! ती मी माऊसनं काढलेली बाहुली आहे!”

ते शांतपणे म्हणाले, “मला माहीत आहे. मी इंजिनिअर आहे, वेडा नाही. पण शिल्पू, इथं ती गेलेली आहे आणि तिथं ती अजून निघालेलीच नाही. मग मी इथं कशाला राहू?”

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आई गेलीच होती. आता बाबा माझ्या डोळ्यांसमोर, सोफ्यावर बसल्या बसल्या चालले होते, आणि त्यांना जायला गाडी मीच बांधून दिली होती.

समोरच्या फ्लॅटमध्ये लक्ष्मीअक्का राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचं, आडनाव मराठी, घरात बोलतात तेही मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की नवीन माणसाला अर्धं कळत नाही. चिकपेटेच्या बाजारात त्यांच्या यजमानांचं साड्यांचं दुकान होतं. अक्का रोज काही ना काही डब्यात घालून आणायच्या आणि बाबांच्या शेजारी बसून म्हणायच्या, “अण्णा, ते काढा की डोळ्यावरचं. स्वल्प खावा. मग परत जावा तुमच्या घराला.” बाबा हसून मान हलवायचे. ढिम्म हलायचे नाहीत.

मी ठरवलं की पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे न्यायचं, आणि त्याआधी ते घरच पुसून टाकायचं. फाइल डिलीट. पण धीर होईना. आईला दुसऱ्यांदा मारल्यासारखं वाटत होतं.

तो रविवार होता. ऊन चांगलं वर आलेलं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. म्हणजे भुताखेताला अगदीच गैरसोयीची वेळ. बाबा सोफ्यावर हेडसेट घालून. त्यांना आत काय दिसतंय ते मी टीव्हीवर लावून ठेवत असे, लक्ष राहावं म्हणून. अक्का उपमा घेऊन आल्या होत्या आणि आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसून तेच बघत होतो. आई मेथी निवडतेय. आई “पंखा लावा हो” म्हणतेय. नेहमीचंच.

मग आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

मला आधी काही खटकलंच नाही, इतकं ते साधं होतं. मग लक्षात आलं की हे मी बनवलेलं नाही. ती खुर्ची मागे सरकवून उठली आणि टेबलाला वळसा घालून आली. पूर्ण आई. साडीचा घोळ किंचित वर खोचलेला, पायात घरातली निळी स्लिपर, आणि डाव्या स्लिपरच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. ती पिन, खरं सांगते, मी साफ विसरले होते. एकाही फोटोत नाही ती. बाबा नवी स्लिपर आणून द्यायचे आणि आई म्हणायची, हिला अजून काय धाड भरलीय?

अक्कांनी माझं मनगट धरलं. मी म्हटलं, “अक्का, हे माझं नाही.” त्या फक्त “हूं” म्हणाल्या.

आई फ्रिजपाशी गेली आणि तिनं फ्रिज उघडला.

पुन्हा सांगते, तो ठोकळा होता. त्याला दार नव्हतं, दाराचं चित्र होतं. ते उघडलं, आतला पिवळा दिवा लागला, कागदात गुंडाळलेली कोथिंबीर दिसली, आणि तिनं बशी झाकलेलं स्टीलचं भांडं बाहेर काढलं. विरजणाचं. चमचा घेतला. बाबांसमोर येऊन उभी राहिली.

सोफ्यावर बसलेल्या बाबांनी उजवा हात पुढे केला. काही विचार न करता, आयुष्यभराच्या सवयीनं. तळवा वर. आईनं त्यावर चमचाभर दही ठेवलं आणि म्हणाली...

माझ्याकडच्या व्हिडिओंमध्ये हे वाक्य नाही. मी नंतर सगळे परत परत ऐकले. नाहीच.

म्हणाली, “जाऊन या. सावकाश.”

मग बाबांनी डाव्या हातानं, स्वतःहून, हेडसेट काढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. उन्हामुळे डोळे मिचकावले, आमच्याकडे बघितलं आणि उजवा हात तसाच पुढे धरून म्हणाले, “शिल्पू, हे बघ गं.”

हातावर दही होतं.

मी तुम्हाला शपथेवर सांगते, घरात दही नव्हतं. गेलं वर्षभर नव्हतं. ताकाची पिशवीसुद्धा आणायची सोय नव्हती. बाबा सोफ्यावरून हलले नव्हते, आम्ही दोघी समोर होतो, आणि अक्कांच्या डब्यात नुसता उपमा. अक्का उठल्या, बाबांच्या हाताजवळ नाक नेऊन वास घेतला आणि किंचाळल्याच, “अय्यो! मोसरू! दहीच आहे की गे हे!” मी बोट लावलं. गार होतं, फ्रिजमधलं असतं तसं. बारीकशी साय होती वर. आईच्या दह्यावर असायची तशी.

मला वाटलं आता बाबा कोसळणार. मी पाणी आणायला धावले. तर ते म्हणतात, “पाणी नको. माळ्यावरचं भांडं काढ. आणि दूध कोमट कर. कोमट म्हणजे कोमट, तुझ्यासारखं उकळू नको.”

मी स्टुलावर चढून भांडं काढलं. दूध कोमट केलं. बाबांनी आधी करंगळी बुडवून बघितली, आईच करायची तशी. मग तळव्यावरचं दही चमच्यानं हळूच निपटून दुधात घातलं आणि ढवळून बशी झाकली. उरलंसुरलं तळव्याला चिकटलेलं त्यांनी चाटून टाकलं, लहान मुलासारखं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा... कसं सांगू... वर्षभर कुणीतरी मुठीत आवळून धरला होता तो चेहरा, तो सुटला होता.

“अक्का,” ते म्हणाले, “तुमचा उपमा गार झाला असेल. तरी द्या. भूक लागलीय.”

अक्कांनी वाढला, बाबांनी दोनदा मागून घेतला. मी बघत राहिले आणि हुंदके देत हसत राहिले, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा ओट्यापाशी उभे. भांड्यावरची बशी काढलेली. दही लागलं होतं. घट्ट, चमचा उभा राहील असं, वर साय. म्हणजे बघा, जे कुठे नव्हतंच त्या दह्यानं खऱ्या दुधाचं दही झालं होतं! बाबांनी पहिला चमचा काढला आणि आईच्या फोटोपाशी गेले. फोटोला हात कुठून असणार... त्यांनी खाली बशीत दही ठेवलं आणि म्हणाले, “घे. तेव्हा राहिलं होतं.” मी मागे दारातच थांबले, पुढे गेले नाही. ते त्या दोघांचं होतं.

त्या दिवसापासून बाबांनी हेडसेटला हात लावलेला नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे न्यायची वेळच आली नाही. मीच न राहवून एकदा विचारलं, “जायचंय का परत, थोडा वेळ?” तर माझ्यावरच डाफरले. “हातावर दही घेऊन निघालेला माणूस उंबऱ्यातून मागे फिरतो का? काही रीतभात शिकवली की नाही तुला?” अमावस्येला स्कूटर आणणारा माणूस हा!

आता तुमचे प्रश्न. मी तेच माझे मला विचारलेत. फाइल उघडून बघितली. फ्रिज ठोकळाच आहे. आईला पाय नाहीत. टीव्हीवरचं रेकॉर्ड होत नसतं, त्यामुळे पुरावा शून्य. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला अर्धीच गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, सिस्टिममध्ये काहीतरी ग्लिच असेल. असेल बाबा. पण ग्लिचमधून दही येतं का? आम्हा तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर भासाला विरजण लागत नाही. अक्कांना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, “सरी, असू दे की, माणूस घरी आलं की नाही? मग कशाला उकरतीस?” आणि वाटी पुढे केली, “मला पण दे थोडं विरजण.”

फाइल मी डिलीट केली नाही. उघडतही नाही. राहू दे तिथे, मेथी निवडत.

बाबा आता सकाळी खालच्या बागेत फिरतात, तिथल्या म्हाताऱ्यांशी कन्नडमध्ये राजकारणावर भांडतात, आणि घरी येऊन माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. दहीभात रोज. मागच्या आठवड्यात मला कामासाठी हैदराबादला जायचं होतं. बॅग घेऊन निघाले, लिफ्टचं बटण दाबलं, तेवढ्यात मागून हाक आली, “अगं थांब! हात कर पुढे.” खाली कॅबवाला हॉर्न वाजवत होता. बाबा म्हणाले, “वाजवू दे.”

मला याचं स्पष्टीकरण मिळालेलं नाही आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाहीये. ते दही मात्र अजून चालू आहे. रोज रात्री थोडं बाजूला काढायचं, कोमट दुधात घालायचं, सकाळी लागलेलं असतं. आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे तेच विरजण गेलंय, कुठून आलं ते कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचा विश्वास बसत नसेल तर वाद घालू नका, वाटी घेऊन या.